अंडं घातलंच नाही, की घातलेलं गेलं? परड्यातल्या अठरा कोंबड्यांचं एक प्रकरण

2024 च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आक्काचा फोन आला. "एकदा येऊन बघून जा की गा. खाणं तर पोत्यानं चाललंय आणि दिवसाला दोन अंडी. दाजी म्हणतायत, सगळ्या विकून टाकूया."

आक्काचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. पावसाचा मुलूख, भाताची शेती, घराला लागून गोठा, गोठ्याला लागून जांभ्या दगडाचं खुराडं आणि पुढं परडं. मी बेळगावच्या पश्चिमेला रताळ्याच्या पट्ट्यात राहतो आणि पंधरा वर्षं परड्यात कोंबड्या पाळतोय. मी डॉक्टर नाही. पण कोंबडी अंडं देईना म्हटलं की आमच्या पै-पाहुण्यांत पहिला फोन मला येतो. काही दिवस काढून गेलो. जे बघितलं ते सविस्तर मांडतोय, कारण सुगी संपता संपता अशीच तक्रार आपल्या भागातल्या बऱ्याच घरांतून ऐकू येते. आणि बहुतेक घरांत सगळा दोष एकट्या उंदरावर ढकलून लोक विषाची पुडी आणायला जातात.

दाजींनीही तेच केलं होतं. झिंक फॉस्फाईडची काळी पूड कणीत तेल घालून कालवली आणि खापरावर ठेवून गव्हाणीखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी दोन उंदीर मेलेले सापडले, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. पण रात्रीत उंदरांनी ती कणी परड्यापर्यंत ओढत आणली होती. सकाळी खुराडं उघडल्यावर गिरिराज जातीच्या एका तलंगीनं, म्हणजे तरुण कोंबडीनं, त्यातले चार दाणे टिपले आणि दुपारच्या आत ती गेली. ही पूड पोटातल्या आम्लात मिसळली की विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. आक्कानं ती कोंबडी खाल्ली नाही, खोल खड्ड्यात पुरली. तेवढं शहाणपण केलं म्हणून मी देवाचे आभार मानले. पाकिटावरच्या सूचना कन्नड आणि इंग्रजीत होत्या. दाजी मराठी शाळेत शिकलेले. धाकटी भाची कन्नड शाळेत जाते, तिनं मी आल्यावर सगळं वाचून दाखवलं: कोंबड्या, जनावरं, मुलं यांच्यापासून लांब ठेवा. आधी तिच्याकडून वाचून घ्यायला हवं होतं, असं दाजी स्वतःच म्हणाले. मग मी काही बोललो नाही.

या विषाचा आणखी एक घोळ आहे. ज्या उंदरानं थोडंच खाल्लं तो मरत नाही, आजारी पडून उठतो आणि पुन्हा त्या चवीच्या वाटेला जात नाही. म्हणजे पहिल्या रात्री दोन मेले आणि उरलेले शिकून बसले.

तर घरात शिल्लक होत्या अठरा कोंबड्या, तेरा गावठी आणि पाच गिरिराज. दोन कोंबडे. एका कोंबडीमागं पिल्लं होती नऊ, त्यातली चार आठ दिवसांत नाहीशी झाली होती. गिरिराज म्हणजे बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं परसातल्या पालनासाठी तयार केलेली जात. नीट खाऊ घातलं तर वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देते. आपली गावठी कोंबडी साठ-सत्तर देते, पण स्वतः रवणीला, म्हणजे अंडी उबवायला बसते, पिल्लं सांभाळते, घारीला ओळखते. ऑक्टोबरात आक्काला दिवसाला नऊ अंडी मिळायची. आता दोन, कधी तीन.

मी पहिल्यांदा विचारलं, "अंडी घालत नाहीत, की घातलेली मिळत नाहीत?"

आक्का म्हणाली, "ते कसं कळणार? संध्याकाळी खोक्यात बघते, असलं तर घेते."

सगळं प्रकरण या एका प्रश्नावर फिरलं. उत्तर मिळालं ते आक्काच्या सासूबाईंकडून. त्यांना आम्ही सगळे आज्जी म्हणतो. ऐंशीच्या पुढच्या आहेत. पूर्वी त्या रोज पहाटे एकेक कोंबडी काखेत धरून चाचपायच्या. बोटाला आत अंडं लागलं की ती कोंबडी डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली डालायची, अंडं घातल्यावरच सोडायची. त्यांच्या काळात अंडं चोरीला गेलं नाही, असं त्या ठासून सांगतात. गुडघे धरल्यापासून त्यांनी ते सोडलं आणि सुनेनं कधी शिकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी बॅटरी धरली, भाचीनं कोंबड्या धरल्या आणि आज्जी पाटावर बसून एकेक बघू लागल्या.

सलग तीन पहाटे हे केलं. पहिल्या दिवशी सहा कोंबड्यांच्या पोटात तयार अंडं होतं, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी सहा. म्हणजे तीन दिवसांत सतरा अंडी पडायला हवी होती. खोक्यांत संध्याकाळी मिळाली सात. दहा अंडी दिवसाउजेडी गायब.

त्याच वेळी दुसरं गणितही समोर आलं. चोर एकही नसता तरी आक्काला नऊ नव्हे, पाच-सहाच मिळाली असती. शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावत असतील, मागची जागा ओलसर आणि तुरा लालभडक असेल, तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट मावत असेल तर ती बंद आहे. अशा अंड्यावरच्या आठच निघाल्या. उरलेल्या दहांपैकी चार पिसं टाकत होत्या, मानेवर नव्या पिसांचे काटे उठले होते. एक पिल्लांमागं, दोन खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीनं बसलेल्या. तिघी वाळलेल्या, तुरा फिकट, पंखाखाली उवा.

म्हणजे नुकसान दोन तोंडांनी होत होतं. निम्मी घट कोंबडीच्या पोटातच होती, निम्मी खोक्यापासून घरापर्यंतच्या वाटेत. दाजींनी फक्त दुसरं धरलं होतं. आणि माझं खरं सांगतो, मी निघताना फक्त पहिलं धरून निघालो होतो. दिवस लहान झालेत, पिसं झडतायत, फेब्रुवारीत येतील ताळ्यावर, असं बसमध्येच ठरवून टाकलं होतं. आज्जींचं बोट नसतं तर मीही चुकलो असतो.

दहा अंडी कुठं गेली

भाचीनं रांगोळीचा डबा आणला. तिन्ही खोक्यांपुढं, गव्हाणीच्या कडेनं आणि भिंतीच्या बुडाला वस्त्रगाळ रांगोळीचा पातळ थर पसरला. साप गेला तर सलग नागमोडी ओळ उमटते, मुंगसाचा पंजा मोठा आणि नख्यांचा. उंदराच्या पुढच्या पायाची चार बोटं दिसतात, मागच्याची पाच, आणि मधोमध शेपटीची बारीक रेघ. दुपारी बघितलं तर गोठ्यातल्या कोपऱ्यातल्या खोक्यापुढं रेघाच रेघा. एरवी रात्री फिरणारा प्राणी दिवसा बाहेर पडतोय याचा अर्थ बहुधा हाच: संख्या वाढलीय, सगळ्यांना रात्रीत पोटभर मिळेना झालंय.

ते खोकं भाताच्या पोत्यांमागं अंधारात होतं. मी सकाळी नऊ ते बारा गोठ्यात पायलीवर बसून राहिलो. एक गावठी कोंबडी त्या खोक्याशी आली, मान वाकडी करून आत बघितलं आणि मागं वळून थेट बाहेर गेली. तिच्या मागं हळूहळू गेलो. गोठ्याच्या भिंतीला टेकून गवताची गंजी रचली होती, तिच्या पोटात शिरली. अर्ध्या तासानं ओरडत बाहेर आली. हात घातला तर आत नऊ अंडी! पाण्याच्या बादलीत सोडली: चार तळाशी आडवी बसली, तीन उभी राहिली, दोन तरंगली. आडवी बसलेली ताजी, तरंगलेली फेकायची. त्या तीन दिवसांतल्या दहापैकी चार अंडी अशी सापडली. ती उंदरानं खाल्ली नव्हती. उंदराच्या वासानं आणि वावरानं कोंबडीनं जागा बदलली होती.

राहिली सहा. त्यातली दोन कोंबडीनंच फोडलेली निघाली. एका गिरिराजच्या चोचीला वाळलेला बलक होता आणि खोक्यातलं गवत चिकट झालं होतं. अंड्याचं कवच इतकं पातळ की बोटानं दाबलं तर आत जाईल. असं अंडं दुसऱ्या कोंबडीच्या पायानंच फुटतं आणि एकदा चव लागली की सवय जडते. उरलेली चार मात्र उंदरांची. कवचं नंतर बिळातच सापडली.

पिल्लांचं म्हणाल तर तीही त्यांनीच नेली असं माझं मत आहे. पिल्लं रात्री डालग्याखाली असायची आणि डालग्याच्या एका बाजूला मुठीएवढं भोक कुरतडलेलं होतं.

खाण्याचा हिशेब

पन्नास किलो मक्याचं पोतं पूर्वी महिनाभर पुरायचं. आता एकोणीस दिवसांत संपत होतं. कोंबड्या तेवढ्याच, त्यातही निम्म्या बंद. रोजचा जवळजवळ किलोभर दाणा जास्त जात होता. एक उंदीर दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम खातो. त्या हिशेबानं चाळीस-पन्नास उंदीर पोसले जात होते. पण शेतातली छोटी घूस नुसती खात नाही, बिळात साठा करते, म्हणून आकडा कमीही असेल. भाची म्हणाली, "मामा, आमच्या शाळेत ह्याला हेग्गण म्हणतात." उंदराला कन्नडमध्ये इली आणि घुशीला हेग्गण. दोन्ही भाषांनी दोघांना वेगळं नाव दिलंय ते उगाच नव्हे. घरातला उंदीर माळ्यावर चढतो आणि घूस जमीन पोखरते, त्यामुळं दोघांचा बंदोबस्तही वेगळा.

नोव्हेंबरातच हे का, हे दाजींना मी शेतात नेऊन दाखवलं. भात उभं असतं तोवर घुशी बांधात राहतात. कापणी झाली, शेत मोकळं पडलं की त्या दाण्यामागं खळ्यावर आणि तिथून घराकडं येतात. इथं तर त्यांच्यासाठी सगळं मांडूनच ठेवलं होतं: भिंतीला टेकलेली गंजी, तागाच्या पोत्यात उघडा मका, आणि रात्री कोंबड्यांना भूक लागू नये म्हणून खुराड्यात भरून ठेवलेली परात. ही परात आक्काच्या मायेची होती. पण कोंबडी अंधारात खात नाही. रात्रभर त्या परातीवर जेवत होते ते उंदीर. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि ती दोन-तीन महिन्यांत पुन्हा वितात. परात चालू ठेवून पिंजरे लावणं म्हणजे एका हातानं काढायचं आणि दुसऱ्या हातानं वाढायचं.

म्हणून पहिलं काम ठरलं ते परात उचलण्याचं. संध्याकाळी साडेपाचला उरलेला दाणा आणि पाणी दोन्ही बाहेर. मका झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. दुसऱ्या दिवशी चार माणसं लावून गंजी हलवली, गोठ्यापासून तीस पावलांवर, खाली दगड मांडून त्यावर लाकडं टाकून. खालून मांजर फिरू शकेल एवढी उंच. गंजी हलवताना पाच-सहा उंदीर पळाले. कुत्र्यानं दोन धरले.

बिळं किती आणि त्यातली राबती किती हे कळायला संध्याकाळी सगळी तोंडं मातीनं बुजवली. एकवीस होती. सकाळी आठ उकरलेली मिळाली, तेवढीच राबती. त्यातली परड्यातली आणि गोठ्याच्या कडेची पाच कुदळीनं खणली. एका बिळात साडेतीन किलो मका आणि भात निघालं, शेजारच्या पोकळीत अंड्यांची कवचं. आक्का त्या दाण्याकडं बघत गप्प उभी राहिली. तो दाणा कोंबड्यांना घालायचा नाही, हे मी बजावलं. त्यावर मूत-लेंड्या असतात, तो पुरला.

चाप सहा आणि पिंजरे दोन आणले. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या चार रात्री चाप न ताणता नुसतं भाजलेलं खोबरं आणि सुकट लावून ठेवलं. भिंतीच्या कडेनं, चापाचं तोंड भिंतीकडं, वर फळी आडवी टाकून, म्हणजे कोंबडीचा पाय जाणार नाही. पाचव्या रात्री ताणले. सकाळी पाच. दुसऱ्या रात्री चार, मग तीन, मग एकही नाही, मग दोन. मी परतल्यावर भाची फोनवर आकडा सांगायची. पंधरा दिवसांत तेवीस झाले. चिकट पुठ्ठे आणायला मी नको म्हटलं. त्यावर उंदीर तडफडत राहतो आणि पिल्लं, पाली, चिमण्याही चिकटतात. परड्यात पुन्हा विष ठेवायचं नाही हे तर ठरलंच होतं. विष खाल्लेला उंदीर मांजर, घुबड, धामण यांच्या पोटात जातो. उंदीर राखणारे हेच, आणि आपण त्यांनाच मारून बसतो. धामण एखादं पिल्लू उचलते, हे मान्य आहे. पण तिच्या वर्षभराच्या उंदरांपुढं ते काहीच नाही. आणि उंदीर असले की त्यांच्या मागं नागही येतो, गोठ्यात अनवाणी वावरणाऱ्या बायकांना याची भीती जास्त.

मेलेला उंदीर हातानं उचलायचा नाही, पिशवी हातावर चढवून उचलायचा आणि पुरायचा. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार पसरतो. चिखलात काम करून पायाला भेगा पडलेल्या असतात, जंतू तिथून शिरतो. आपल्या भागात भाताच्या चिखलात राबणाऱ्या कुणालाही सडकून ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना "घरात उंदीर फार आहेत" हे आपणहून सांगावं.

खुराड्याची जाळी षटकोनी भोकांची, पातळ तारेची होती. ती कोंबडी आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. तसल्या भोकातून लहान उंदीर आत येतो आणि पातळ तार कुरतडतो. त्याऐवजी अर्धा इंच चौकोनाची वेल्डमेश लावली, खाली एक फूट जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे खणत आलेली घूस जाळीवर अडते. दाराच्या बुडाला पत्रा. जांभ्याच्या फटी सिमेंटात काचा घालून भरल्या. सगळं मिळून एकवीसशे रुपये गेले. दाजी कुरकुरले, मग स्वतःच पहार घेऊन चर खणायला लागले.

पोटातली घट

डिसेंबरात आपल्याकडं दिवस सव्वाअकरा तासांचाही नसतो. कोंबडीला भरपूर अंडी घालायला चौदा तासांच्या पुढं उजेड लागतो. शिवाय जुनी पिसं टाकून नवी काढायची वेळ. पीस हेही प्रथिनाचंच, त्यामुळं अंगातलं सगळं तिकडं जातं. बल्ब लावू का, असं आक्कानं विचारलं. पहाटे दोन-तीन तास बल्ब लावून अंडी वाढतात, मोठ्या शेडवाले तेच करतात. पण अठरा कोंबड्यांसाठी मी ते करणार नाही. वर्षात दोन महिने तिनं अंग भरून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

खाण्यात मात्र चूक होती. नुसता मका आणि कणी. दोन्हींत प्रथिन सात ते नऊ टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला सोळाच्या आसपास हवं. पावसात गांडुळं-किडे मिळायचे, ते सुगीनंतर आटले. दहा किलोत सात किलो भरडलेला मका-कणी, दोन किलो शेंगपेंड, एक किलो भाताचा कोंडा, असं मिश्रण करून दिलं. ते साडेपंधरा टक्क्यांपर्यंत जातं. आठवड्यातून दोनदा मूठभर सुकट. पेंड घेताना वास घ्यायचा. कुबट, बुरशी धरलेली पेंड कोंबडीच्या काळजाला, म्हणजे यकृताला, खाते, त्यापेक्षा पेंड नसलेली बरी. पातळ कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, ते मक्यातून कुठून येणार? ज्या कोंबडीला हवं ती तेवढंच टिपते, खाण्यात कालवायची गरज नाही. घरातली कवचं भाजून, चुरून घातली तरी चालतात. अख्खी टाकली तर अंडं फोडायची सवय वाढते.

उवांसाठी राख आणि कोरडी माती घालून छपराखाली खड्डा केला. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस उन्हाळ्याच्या आधी टोचून घ्यायला सांगितलं, ती राहून गेली होती.

खोकी पोत्यांमागून काढून खुराड्यात जमिनीपासून दोन फुटांवर टांगली. अंडी आता दिवसातून दोनदा गोळा होतात, सकाळी दहाला भाची शाळेला जायच्या आधी आणि दुपारी दोनला आज्जी.

आठवड्यात दोनाची पाच झाली, कारण चोरी थांबली. कोंबड्या जास्त घालायला लागल्या नव्हत्या. ते समजावून सांगायला मला फोनवर बराच वेळ लागला, कारण दाजींना वाटलं पेंडीनं जादू केली. पेंडीचा परिणाम जानेवारीच्या मध्यावर दिसला, कवच घट्ट झालं. पिसं टाकलेल्या चारपैकी तिघी फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुरा लाल करून आल्या, एक गिरिराज आलीच नाही. अंडी फोडणारीची सवय मोडेना. खोक्यात अंधार केला, लाकडी अंडं ठेवलं, काही उपयोग नाही. शेवटी ती बाजारात गेली. फेब्रुवारीच्या मध्यावर दिवसाला नऊ-दहा अंडी. मक्याचं पोतं पुन्हा महिन्यावर आलं.

जूनमध्ये पहिला पाऊस लागला आणि बांधातली बिळं पाण्यानं भरली. दुसऱ्या सकाळी भाचीचा फोन. गव्हाणीकडं रांगोळी टाकली होती, शेपटीची एक रेघ आहे. मी विचारलं, खोबरं आहे का घरात? ती म्हणाली, "आज्जीनं कालच भाजून ठेवलंय."